शेवटचा आंबा

सहा वाजले की दत्तारामशेटांच्या आंब्याच्या कारखान्यात तास मोजणं बंद व्हायचं, काम नाही. आंबा थांबत नाही, असं शेट म्हणत, आणि ते खरंच होतं. पिकला आंबा रात्रीत उतरतो. पण आंब्याला थांबता येत नाही म्हणून बाईनेही घरी जायचं नाही, हा हिशोब सुगंधाच्या डोक्यात काही केल्या शिरत नव्हता.

तिची आई माहेरी, आचऱ्याला, अंथरुणाला खिळली होती. आचऱ्याची शेवटची एसटी सव्वासहाला. हंगाम सुरू झाल्यापासून ती गाडी रोज फाटकासमोरून जाई आणि सुगंधाच्या हातात सुरी, कोपरापर्यंत रस. आई शेजारणीला विचारी, "सुगंधा इली काय?" हे कानावर आलं की तिला आंब्याचा वासही नकोसा व्हायचा.

शेजारी बसून आंबे सोलणाऱ्या स्टेलाने एकदा आपल्या मुलाचा दाखला देत हळूच सांगितलं, "माझो सॅविओ गोयांत कंपनीत आसा. थंय वेळेपेक्षा जास्त थांबलो काय दुप्पट मजुरी गावता. आणि थांबवचा तां आपण व्हय म्हटला तरच. हयसरय कायदो तोच आसा, गो."

दुप्पट मिळाली तर रिक्षा करून जाता येईल. नाही मिळाली तर निदान सहाला सुटता तरी येईल. दोन्हींतलं एक तरी पदरात पडावं, एवढंच तिचं मागणं. धीर करून ती शेटांसमोर उभी राहिली.

शेट रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. गोड हसून म्हणाले, "कायदो माका ठावक आसा. तुमची संमती होयी, ती तुमी दिलास. देवासमोर! आणि घरच्या कामाक खंयचो ओव्हरटाइम?"

सुगंधाला तो दिवस आठवला. हंगामाच्या पहिल्या दिवशी रस काढायच्या यंत्रासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं होतं, सगळ्यांच्या वतीने देवापुढे मागणं मांडलं होतं. घालणारा कोण, तर तिचाच नवरा गुरुदास, गावचा मानकरी. शेटांनी सांगितलं तसं तो खणखणीत आवाजात म्हणाला होता, "ह्यां काम सगळ्यांनी घरचां समजान करूंदेत, शेवटचो आंबो सरापर्यंत कोणाचो हात थांबा नये, रे म्हाराजा!" आणि सगळ्या बाया, स्टेलासुद्धा, एका सुरात ओरडल्या होत्या, "व्हय म्हाराजा!" गाऱ्हाण्याला व्हय म्हणताना विचार कोण करतं? तोंड आपोआप उघडतं.

घरी तिने गुरुदासपुढे पदर पसरला. "तुमी घातलास, तुमीच सोडवा."

"देवाक दिलेलो शब्द मागे घेवक येणा नाय गो," तो भाकरीकडे बघत म्हणाला. त्या दिवशी तिला नवऱ्याचा, देवाचा आणि स्वतःच्या तोंडाचा सारखाच राग आला. जायचं कुठे? सगळ्या दारांना तिनेच आतून कडी घातली होती.

मग भर हंगामात यंत्र बंद पडलं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला दुरुस्त झालं तसं शेटांनी पुन्हा नारळ मागवला आणि गुरुदासला बोलावलं. यंत्र सुखरूप चालू दे, शेटांची भरभराट होऊ दे, सगळं यथासांग झालं. शेवटी रिवाजाप्रमाणे गुरुदासने विचारलं, "आणि कोणाचा काय गाऱ्हाणा आसा?"

हा प्रश्न देवळात नेहमीचा. कारखान्यात त्याला उत्तर येईल असं त्याला वाटलंच नसावं.

"माझा आसा," सुगंधा म्हणाली. ती बायांतून पुढे आली. "सहा वाजले काय बायांका घराक जावक गावांदे. जी आपखुशीन थांबात तिका दुप्पट मजुरी गावांदे."

गुरुदासचा चेहरा पडला. त्याने शेटांकडे पाहिलं. पण मागितलेलं गाऱ्हाणं मानकऱ्याने गिळलं, असं त्याच्या घराण्यात कधी घडलं नव्हतं. त्याने बायकोकडे पाहिलं, डोळे मिटले आणि शब्द न् शब्द देवाच्या कानी घातला. "...असां कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा कारखाना दणाणला.

त्यात एक जाडाभरडा आवाज पुरुषाचा होता. दत्तारामशेट हात जोडून, डोळे मिटून उभे होते. जन्मभराची सवय, तोंड उघडलं ते उघडलंच. डोळे उघडले तेव्हा सगळ्या बाया त्यांच्याकडेच बघत होत्या. शेटांनी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि समोरचा नारळ पाहून पुन्हा हात जोडले.

सुगंधाने नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले. वळणावर एसटीचा हॉर्न वाजला.

"शेटनू, येतंय मी," ती म्हणाली. "आंबो सराक नाय. पण माझी आई सरात."