बदलीचं माणूस

रत्नदीपची सुट्टी जपानात मंजूर व्हायच्या आधीच इकडे वर्ध्याच्या नालवाडीत वाटून संपली होती. हिंगणघाटच्या नानाजी मामानं त्यातले दोन दिवस मुली दाखवायला मागून घेतले. कॉलनीतल्या पोरांना जपानला कसं जायचं ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणून एक संध्याकाळ विहारात त्याच्या भाषणाची ठरली. आणि आईनं, म्हणजे अनुसयाबाईनं, उरलेली सगळी सुट्टी आपल्या खाटेशेजारच्या खुर्चीत बसवून टाकली. पोरगा येईल, खुर्चीत बसेल, आपण त्याच्याकडे पाहत राहू. यापलीकडे तिचा काही बेत नव्हता.

वाटणीला एकटी छायाच आली नाही. ती रत्नदीपची थोरली बहीण. नवरा गेल्यावर आष्टीहून माहेरी आली, शिलाई मशीन टाकून साड्यांना फॉल-पिको करू लागली, आणि दोन वर्षांत आईला लकवा झाला. डावं अंग गेलं ते गेलंच. तेव्हापासून आईचं हागणं-मुतणं, आंघोळ, जेवण, कूस बदलणं सगळं छायाच्या अंगावर. रत्नदीप तेव्हा नागपुरात जपानी भाषा शिकत होता. तो शिकला, परीक्षा पास झाला, आणि ओसाकाजवळच्या एका वृद्धाश्रमात केअरगिव्हर म्हणून रुजू झाला. परक्याच्या आईबापांचं करायला तो सात समुद्रापार गेला, ही गोष्ट छायाला आधी मजेची वाटायची. नंतर नंतर तिला हसू येईना.

व्हिडिओ कॉलवर तो तिकडचं सगळं दाखवायचा. सायकलवरून कामाला जाताना लागणारी भातखाचरं, दुकानात मिळणारा त्रिकोणी भाताचा गोळा, खोलीतली खाली गादी घालून झोपायची जागा. एकदा त्यानं काचेच्या बाटल्यांचा कचरा चुकीच्या वारी बाहेर ठेवला, तर शेजारची म्हातारी ती पिशवी घेऊन दाराशी आली आणि वाकून वाकून माफी मागत परत देऊन गेली. छायाला ती गोष्ट फार आवडली होती. गोष्टी संपल्या की मात्र तो सल्ले सुरू करायचा. "ताई, आईची कूस दर दोन तासानं बदलत जा. पाणी किती पेते ते पाह्यत जा. आम्ही इथं घोटाघोटावर लक्ष ठेवतो." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? छाया "हो हो" म्हणायची आणि फोन आईच्या तोंडासमोर धरायची.

सुट्टीचं तिकडं साधं नसतं. एप्रिल संपता संपता जपानात लागोपाठ सुट्ट्या येतात, त्याला गोल्डन वीक म्हणतात. सगळा देश फिरायला निघतो, गाड्या भरतात, विमानाचे भाव आभाळाला टेकतात. पण वृद्धाश्रम कसा बंद ठेवणार? म्हातारपणाला कुठली आली सुट्टी? म्हणून रत्नदीपनं दोन वर्षं नववर्षाला दुसऱ्यांच्या ड्युट्या केल्या, ऑगस्टात लोक आपल्या मेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी गावी जातात तेव्हाही केल्या, आणि मग कितीतरी महिने आधी साहेबापुढं वाकून हे दिवस मागितले. आपण नसताना आपलं काम कोण करणार ते आधी ठरवायचं, त्या माणसाला जाऊन भेटायचं, त्रास देतो म्हणून माफी मागायची, आणि परत येताना सगळ्यांसाठी खाऊ आणायचा, अशी तिथली रीत. "बदलीचं माणूस ठरल्याशिवाय सुट्टी मागायची नाई, ताई," तो म्हणाला.

ते वाक्य छायाच्या डोक्यात बसलं. त्याच दिवसांत बुद्धपौर्णिमा होती. विहारातल्या बायकांना घेऊन जिजाबाई बस काढणार होती: सारनाथ, बोधगया, कुशीनगर. जिजाबाई शेजारीच राहायची, दरवर्षी बस काढायची आणि दरवर्षी छायाला नुसतं हात हलवून जायची. या वर्षी छायानं फोनवर, आयुष्यात पहिल्यांदाच, भावाकडं काही मागितलं.

"मले जायचं हाये. तू हायेस तेवढे दिवस. होशीन का बदलीचं माणूस?"

रत्नदीप एवढा खूश झाला की त्यानं तिच्यासाठी तिकडून पायात घालायचे मऊ बूट घेऊन ठेवले. "तू बिनधास्त जाजो. मी इथं रोज आठ-दहा आजीबाईंना आंघोळ घालतो. आपली आई तर एकटीच हाये!"

तो आला. गोरा झाला होता, बारीक झाला होता, दारात चपला काढून नीट रांगेत ठेवत होता. आईनं उजव्या हातानं त्याचं तोंड चाचपलं आणि रडून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यानं आईला खाटेवरून खुर्चीत घेतलं तेव्हा छाया पाहतच राहिली. कमरेला पट्टा बांधला, गुडघे वाकवले, आणि फुलासारखी उचलली. छायाची कंबर त्या एका कामात रोज मोडायची. उचलता उचलता तो तिकडच्या सवयीनं बोलत होता: "आता मी तुहा हात धरतो, आई. आता उचलतो. आता बसवतो."

"हे काय कॉमेंट्री करून राह्यला रे?" आई म्हणाली. सगळे हसले.

हसणं तिथंच संपलं. आंघोळीची बादली घेऊन तो न्हाणीच्या दाराशी उभा राहिला तसा आईनं पदर दातात धरला आणि चांगल्या हातानं खुर्चीचा दांडा. "छायाले बोलाव."

"आई, माहं कामच हाये ते."

"तुले मी जपानची बाई वाटली का रे? माहा पोरगा हाये तू. मी तुले धुतलं, पुसलं. आता तू मले उघडी पाहायची का? छाया, वं छाया!"

छायानंच आंघोळ घातली. संडास-लघवीचं तर आई त्याच्या कानावरही पडू देईना. तो पानठेल्यावर, नाही तर मित्राकडे गेला की हळूच म्हणायची, "गेला का तो? आण मग भांडं." छायानं भावाला बाजूला घेऊन सांगितलं, की एखादी बाई दोन वेळा येऊन करून जाईल असं पाहू. नालवाडीत अशा बाया मिळत होत्या. रत्नदीपला ते फार लागलं. "मी घरात असताना भाड्याची बाई? मी शिकलो काय मग? ताई, तिकडे बी नवीन आलेले म्हातारे असेच करतात. आपलं माणूस जवळ असलं का जास्तच. तू गेली की आई करू देते पाह्य. इलाज राह्यत नाई मग."

छायानं ते खरं मानलं. तिला ते खरं मानायचंच होतं. बस डोळ्यांपुढं उभी होती.

सकाळी विहारासमोरून बस निघाली. छायाला खिडकीची जागा मिळाली. बायकांनी नागपूर यायच्या आधीच भीमगीतं सुरू केली, शिवनीच्या अलीकडे कुणीतरी पुऱ्या आणि आलूची भाजी वाटली, आणि दुसऱ्याच्या हातचं आयतं खाताना छायाला काय वाटलं म्हणून सांगावं! ती दोनदा झोपली आणि दोनदा आपणहून जागी झाली. कुणी हाक मारली नव्हती. जबलपूरच्या धर्मशाळेत उतरली तेव्हा तिनं नवे बूट काढून पुसले आणि जिजाबाईला म्हणाली, "मी म्हातारी होईपर्यंत आता दरसाल येईन." जिजाबाई म्हणाली, "मग यंदाचं शेवटचंच म्हण. म्हातारी तर झालीच तू."

तिनं घरी फोन केला. आई बरी होती म्हणे. जेवली का? पोट भरलं म्हणते. पाणी? पेली म्हणते.

दुसऱ्या दिवशी बस निघायच्या आतच रत्नदीपचा फोन आला. त्याला नीट बोलता येत नव्हतं. आईला दवाखान्यात नेलं होतं. छाया गेल्यापासून आईनं पाण्याला तोंडच लावलं नव्हतं. तो पाजायचा तो घोट ती तोंडात धरून ठेवायची आणि त्याची पाठ फिरली की पदरात थुंकायची. पदर ओला लागला तेव्हा त्याला कळलं. पाणी पिलं की लघवी येणार, लघवी आली की पोराला सांगावं लागणार. साधा हिशेब. वर्ध्याचा मे महिना, पत्र्याचं घर, आणि एका म्हातारीनं लाजेपायी पाणी सोडलेलं. ताप चढला, बोलणं बरळल्यासारखं झालं, तेव्हा तो तिला उचलून ऑटोत घालून पळाला.

"ताई, तुले बोलावते. सारखं तुहंच नाव घेऊन राह्यली."

जिजाबाईनं छायाला पुऱ्या बांधून दिल्या. बस सारनाथकडे गेली आणि छाया मिळेल त्या गाडीनं उलट्या वाटेला लागली. वाटेत तिला आईची काळजी वाटत होती हे खरं. पण काळजीच्या खाली जे होतं ते वेगळंच होतं, आणि ते तिनं स्वतःशी लपवलं नाही. तिला आईचा संताप आला होता. मरण पत्करलं, पण मला चार दिवस सोडलं नाही.

दवाखान्यात आईला सलाईन लागलं होतं. ओठांना भेगा पडल्या होत्या. छायाला पाहताच तिचा चेहरा सैल झाला. मायेचे दोन शब्द बोलेल असं छायाला वाटलं होतं.

"आली का? मले पहिले भांडं दे," आई म्हणाली. "इथली नर्स लय खेकसते."

हिंगणघाटहून नानाजी मामा आला होता. भाच्यासाठी पाहिलेल्या मुलींकडचे लोक ताटकळले म्हणून तो आधीच तापलेला. वॉर्डात सगळ्यांच्या देखत म्हणाला, "पोरगा एवढ्या दुरून दोन दिसाच्या आरामाले आला, अन् त्याच्या जिवावर म्हातारी टाकून तू फिरायले गेली? काही वाटते का तुले?"

"मी वर्षानुवर्षं करून राह्यली, मामा. तुम्ही एक दिवस आले का?" छायाचा आवाज चढला. आजूबाजूच्या खाटांवरचे लोक पाहू लागले.

आईनं चांगला हात वर केला. छायाला वाटलं, आता बोलेल. आता तरी सांगेल की मीच पाणी सोडलं होतं.

"भांडू नोका," आई म्हणाली. "रत्नदीप होता म्हणून मी वाचली. उचलून आणलं त्यानं मले. पोरगा नसता तर आज मी नसती."

मामानं मान डोलावली. रत्नदीप खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्याला सगळं माहीत होतं. पदर त्यानंच पिळला होता. तो वाकून आईच्या पायांवरची चादर सारखी करू लागला.

नंतर बाहेर नळापाशी मात्र तो रडला. "ताई, तिकडे माह्या हातानं सगळ्या आजीबाई पाणी पेतात. एक बी नाई म्हणत नाई. माह्याच आईनं..." छायानं त्याला रडू दिलं. एरवी तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला असता. त्या दिवशी तिचा हात उठला नाही. तिला एवढंच म्हणावंसं वाटलं, की हे तू आत, मामासमोर बोलायला पाहिजे होतं. तिनं आईची पाण्याची बाटली नळाखाली धरली.

आई घरी आली. उरलेले दिवस रत्नदीप खुर्चीत बसला आणि आईनं त्याच्याकडे पाहून घेतलं, म्हणजे तिच्या वाटणीचं तिला मिळालं. जायच्या आधी त्यानं तिकडे सोबत काम करणाऱ्या लोकांसाठी गोरसपाक बिस्किटांचे डबे घेतले. माझं काम तुम्ही सांभाळलं म्हणून आभार, असं प्रत्येकाला म्हणून तो ते देणार होता. छाया बॅग भरायला मदत करत होती. डबे मोजून झाल्यावर तो घुटमळला, मग एक डबा तिच्यापुढं धरला. तिनं तो घेऊन परत बॅगेत ठेवला. "तिकडे कमी पडन," ती म्हणाली.

बस परत आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो निघाला, ओसाकाला पोचून कामावरही रुजू झाला. दमणूक उतरल्यावर जिजाबाई बोधिवृक्षाचं पान घेऊन आली. ते तिनं आईच्या उशाशी ठेवलं आणि बोधगयेच्या गर्दीचं, उन्हाचं, रांगेचं सांगत बसली. छाया मशीनवर फॉल लावत ऐकत होती. उठता उठता जिजाबाई म्हणाली, "पुढच्या वर्षी छायाले नेतोच मी, अनुसयाबाई. तिची बस अर्ध्यात सुटली."

 जिजाबाई गेल्यावर आईनं छायाला जवळ बोलावलं. छायानं मशीन थांबवलं. आई खरंच विचार करत होती, कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"मी काय म्हणतो छाया, रत्नदीपचा फोन आला का त्याले सांगजो. पुढच्या सुट्टीत इकडे येऊ नोको म्हणा. तिकडेच कुठीतरी फिरून घे म्हणा. वर्षभर बिचारा लोकायचं हागणं-मुतणं काढते, त्याले बी आराम पाह्यजे का नाई?"

छायानं परत मशीनशी जाऊन सुईत दोरा ओवला.

"सांगजो बरं का, आठवणीनं."

"सांगतो," छाया म्हणाली.