भाटखोलची गाठ

‘‘इथेच थांबवा, अब्बा. कोपऱ्यावर.’’

जहूरने ब्रेक दाबला. अफशांच्या बंगल्याचं गेट अजून दीडशे पावलं पुढे होतं. पिकअपच्या दोन्ही दारांवर पाण्याच्या पंपाचं चित्र होतं, खाली कंपनीचा फोन नंबर. जहूरला ते चित्र आवडायचं. सुहानाला आवडत नाही हे तिने कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगावं लागलंही नव्हतं.

ती मांडीवर पुठ्ठ्याचा खोका धरून बसली होती. खोक्यात पांढऱ्या दोऱ्याच्या बारा जाळीदार पिशव्या, मुठीत मावतील एवढ्या, आणि प्रत्येकीत गावचे काजू.

‘‘कुठली म्हणून विचारलं तर काय सांगशील?’’ जहूरने विचारलं.

‘‘बॉम्बे. फॉर्मवर तेच लिहिलंय.’’ हे ती इंग्रजीत म्हणाली. मराठी तिला सगळी कळायची, उत्तर इंग्रजीत यायचं. घरची बोली तोंडात यायची ती फक्त रडू फुटलं की.

‘‘मुंबई बघितलीस किती तू? विमानतळ ते एस्टी स्टँड.’’

‘‘अब्बा, प्लीज.’’

‘‘बरं. राहतेस कुठं?’’

‘‘बिन ओमरान.’’

दोह्यातल्या फरीज बिन ओमरान या बऱ्या वस्तीत एका चार मजली इमारतीचा पंप जहूर सांभाळायचा. पोरीने पत्ता त्या इमारतीचा दिला होता. राहायची ती नजम्याच्या गरीब वस्तीत, एका जुन्या बंगल्याला प्लायवूड ठोकून पाडलेल्या सहा बिऱ्हाडांपैकी एकात. पलीकडच्या खोलीत नऊ ड्रायव्हर राहायचे आणि त्यांचा खोकला हिच्या पुस्तकापर्यंत ऐकू यायचा. त्या खोकल्यात अभ्यास करून तिने स्कॉलरशिप मिळवली होती. सांगायची गोष्ट ती होती. पण दोह्यात ती कुणी विचारत नाही. ‘मूळचे कुठले’ हा प्रश्न मात्र माणसांच्या सामानातून गावाहून इथवर येतो, आणि कस्टमवाले त्याला कधी अडवत नाहीत.

२००५ सालचा फेब्रुवारी होता. सुहानाच्या कॉलेजात मोठ्या वर्गातल्या मुलींचं एक मंडळ होतं, पर्ल सर्कल. त्यातल्या अफशांची कुणी चुलत बहीण अमेरिकेत शिकून आली होती. तिकडे म्हणे मुलींची अशी घरं असतात, दारावर परक्या लिपीतली अक्षरं लावलेली, आणि नव्या मुलींना चहाला बोलावून, निरखून, त्यातल्या मोजक्या आत घेतात. इथे तसं घर नव्हतं, म्हणून दिवाणखाने होते. तीन चहा. तिसरा अफशांकडे, तिथे आयाही बसणार. येताना प्रत्येकीने घरच्या हाताने केलेली एक वस्तू आणायची. निवडलेल्या पाच जणींना मोत्याची पिन. पिन लावलेल्या मुलींना सुट्टीतलं ट्रेनिंग कुणाच्या तरी वडिलांच्या ऑफिसात आयतं मिळायचं. बाकीच्यांनी अर्ज घेऊन दारोदार फिरायचं आणि डबा जिन्यावर बसून एकटीने खायचा. सुहाना सहा महिने जिन्यावर खात होती.

ज्या देशात आजोबांच्या पिढीपर्यंत माणसं नाकाला चिमटा लावून समुद्राच्या तळाशी जात होती, तिथे मोत्याच्या नावाने मंडळ काढलेल्या या पोरींना समुद्रातल्या माणसाची पोर चालणार नव्हती.

पिशव्या जहूरने विणल्या होत्या. भाटखोलची खालची आळी म्हणजे खाडीच्या तोंडावरची साठ-सत्तर घरं, सगळी दालद्यांची, म्हणजे मुसलमान मासेमारांची. वरच्या आळीतले मुसलमानही त्यांच्याच मशिदीत यायचे. खांद्याला खांदा लावून नमाज व्हायचा आणि चपला घालून बाहेर पडलं की दालदी वेगळे, बाकीचे वेगळे. जहूर आठव्या वर्षी जाळं विणायला शिकला. कामावरच्या पाइपाचा तुकडा तापवून, चपटा करून त्याने सुई कोरली, आणि चार दिवस मगरीबच्या, संध्याकाळच्या नमाजानंतर दारातल्या बाकड्यावर बसून बारा पिशव्या केल्या. किनारीला भाटखोलची दुहेरी गाठ. पाण्यात फुगते, ताणली की आणखी घट्ट बसते, सुटत नाही.

ताहेरुन्निसाने तेव्हाच नवऱ्याला म्हटलं होतं, ‘‘पोरीच्या हातात जाळं देताय? कोणतरी वळखील हां.’’

‘‘इथं कोण वळखतंय? आणि वळखलं तर काय, चोरीचं हाय?’’

सुहानाने मात्र पिशवी उजेडात धरून पाहिली होती. ‘‘बुटीकमध्ये असतं तसं आहे, अब्बा.’’ जहूर त्या एका वाक्यावर आठवडाभर खूश होता.

आता ती उतरली, ओढणी सारखी केली आणि खोका घेऊन चालत गेली. जहूर दोन तास कोपऱ्यावर बसून राहिला.

परत आली ती हसतच. ‘‘सिलेक्ट झाले.’’ दार लावून घेतलं आणि नजम्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. घरी ताहेरुन्निसाने वाफेवरून सांदणं उतरवली, पोरीच्या ताटात वाढली, आणि ताटाकडे बघता बघता सुहानाला रडू फुटलं.

‘‘अफशांच्या आईने वळखली गाठ,’’ ती घरच्या बोलीत म्हणाली.

अफशांची आई कनीज भाटखोलच्याच वरच्या आळीतली निघाली. पिशवी हातात घेऊन, किनारीची गाठ नखाने ओढून ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, ‘‘ही तर आमच्या खालच्या दालद्यांची गाठ. तुला कुठं गावली गो?’’ दिवाणखाना थांबला होता. बारा मुली, सात आया.

‘‘मग?’’ जहूर म्हणाला.

‘‘मग मी म्हटलं, आमच्या बिल्डिंगचा नातूर करतो.’’

नातूर म्हणजे वॉचमन. इथे येऊन पंधरा दिवस झालेल्या माणसालाही हा शब्द येतो.

जहूरने सांदणाचा तुकडा मोडला, खाल्ला, पाणी प्याला. ‘‘बिन ओमरानचा नातूर नेपाळी हाय,’’ तो म्हणाला. ‘‘त्याच्या बापजाद्यांनी समुद्र बघितलेला नाय.’’

‘‘त्यांना आणखी साठ हव्यात, अब्बा. पिन द्यायच्या कार्यक्रमाला. आणि आंटी म्हणाल्या, त्यालाच घेऊन यायला सांग. त्यांना त्याच्याशी गावच्या बोलीत बोलायचंय.’’

‘‘नाय म्हणून सांग,’’ ताहेरुन्निसा म्हणाली. ‘‘म्हणावं मेला तो नातूर.’’

पोरीच्या ट्रेनिंगचा, पोरीच्या जिन्याचा विचार जहूरच्या डोक्यात होता. आणि लाज कसली वाटते आहे ते त्याला नीट कळत नव्हतं, तिची की आपली. दुसऱ्या दिवशी त्याने दोरा आणला. एकदा मनात आलं, साध्या गाठी माराव्यात, दोन दिवसांत सुटतील अशा. मारून बघितली. हाताला ती आलीच नाही.

तीन आठवड्यांनी, गुरुवारी दुपारी, तो साठ पिशव्या घेऊन बंगल्यावर गेला. पिकअप कोपऱ्यावरच ठेवली, सवयीने. कार्यक्रमाच्या तयारीसाठी सुहाना सकाळपासून तिथेच होती. कनीज स्वतः गेटपाशी आली. हातात सोन्याच्या बांगड्या, चेहरा मनापासून फुललेला. ते खोटं नव्हतं. परदेशात बोलीसाठी माणूस उपाशी असतो, वरच्या आळीतलाही.

‘‘कसा हायस रे? भाटखोलचाच ना तू?’’

‘‘भाटखोलचाच, बाय.’’

‘‘बघ, म्हटलं ना मी. या पोरीला काय कळणार, मुंबईची ती.’’ तिने मागे पाहिलं. सुहाना पायरीवर चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ‘‘सुहाना, त्याला चहा दे बाळ. त्या कपात नको. कागदाचे आहेत बघ.’’

सुहाना आत जाऊन कागदी कप घेऊन आली. जहूरने तो तिच्या हातून घेतला. तिची बोटं गार होती. ती चहा करायला शिकल्यापासून त्याने तिच्या हातचा चहा प्याला होता, गेटबाहेर उभं राहून आजच.

‘‘बापूस कोण तुजा?’’ कनीजने विचारलं.

‘‘मजीद तांडेल.’’

‘‘अगो बाय, मजीद? पापलेट घेऊन यायचा तो आमच्याकडे. दारातच बसायचा, आत म्हणून कधी आला नाय. फार अदब होती माणसाला.’’

‘‘त्याला आत ये म्हणून कोण बोललं नव्हतं, बाय.’’

कनीज हसली, विनोद आहे असं समजून. समजून घ्यायचं नसेल तर हसणं सोयीचं पडतं.

‘‘पोरंबाळं?’’

जहूरने चहाचा घोट घेतला. पायरीवर सुहाना ट्रे छातीशी धरून उभी होती आणि ट्रेवरच्या फुलांकडे बघत होती. त्याने वाट पाहिली. एक घोट, मग दुसरा. एवढा वेळ पुरे होता. ‘हे माझे अब्बा’, तीन शब्द. इंग्रजीत म्हटले तरी चालले असते.

ट्रे हलला नाही.

‘‘एक मुलगी हाय,’’ जहूर म्हणाला. ‘‘गावाला.’’

‘‘शिकते?’’

‘‘शिकते. हुशार हाय.’’

‘‘वेळेवर लग्न करून दे रे. तुमच्यात शिकवून करायचं काय, शेवटी मासळीच निवडायची. केवढी हाय?’’

‘‘एकोणीस.’’

‘‘जवळजवळ अफशांएवढीच की. थांब हां.’’ ती आत गेली. बाप आणि लेकच राहिली, मधे गेटचे गज. सुहानाचे ओठ हलले. तेवढ्यात आतून अफशांने हाक मारली, ‘‘सुहाना, यल्ला, चल लवकर,’’ आणि ती गेली.

कनीज एक फुगलेली पिशवी घेऊन आली. ‘‘अफशांचे कपडे. एकदा-दोनदाच घातलेले. पोरीला पाठव, खूश होईल.’’

जहूरने ती घेतली. नको म्हणता आलं असतं, पण नातूर नको म्हणत नाही.

संध्याकाळी त्याने ती पिशवी नजम्याच्या खोलीत सुहानाच्या उशाशी ठेवली. ताहेरुन्निसाने विचारलं, ‘‘हे काय?’’

‘‘तिच्यासाठी दिलेत.’’

सर्वांत वर एक निळा ड्रेस होता, गळ्याला काचेचे मणी लावलेला. सुहानाने तो ओळखला. पहिल्या चहाला अफशांने तोच घातला होता आणि सुहाना घरी येऊन आईला त्याचंच वर्णन करत बसली होती. आता तो तिचा होता आणि आयुष्यात तिला तो घालता येणार नव्हता. तिने पिशवीचं तोंड बंद केलं आणि ती कपाटावर सारली. ताहेरुन्निसाने बजावलं होतं, पण ते उगाळून दाखवण्याइतका तिचा आनंद शिल्लक नव्हता.

रविवारी, इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, सकाळी जहूर तिला कॉलेजला सोडायला निघाला. पिन शनिवारच्या कार्यक्रमात मिळाली होती, पण कुडत्यावर नव्हती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, ‘‘अब्बा, आज गेटपर्यंत न्या मना.’’ घरच्या बोलीत.

जहूरने ऐकलं. कॉलेजच्या अलीकडचा चौक आला, रोजची जागा आली, आणि त्याने तिथे ब्रेक दाबला.

‘‘गेटपर्यंत, अब्बा.’’

‘‘अफशां असेल गेटपाशी. नातूरच्या गाडीतनं उतरलेली बघेल.’’

‘‘मी सांगते तिला.’’

‘‘काय सांगशील?’’ त्याने आवाज चढवला नाही. ‘‘की चहा तूच दिला होतास?’’

सुहाना समोरच्या काचेकडे बघत राहिली. मागून कुणीतरी हॉर्न दिला. जहूरचा मोबाइल वाजला. बिन ओमरानहून फोन होता, चौथ्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं. ‘‘येतो, दस मिनिट,’’ तो म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

ती उतरली. दार हळू लावलं, पंपाच्या चित्रावर हात टेकवून. मग चालू लागली. जहूर रोजच्यासारखा ती गेटच्या आत जाईपर्यंत थांबला. अर्ध्या वाटेवर तिने पर्समध्ये हात घातला, काहीतरी काढलं, आणि चालता चालताच, पायाखाली न बघता, ते कुडत्याच्या डाव्या बाजूला लावलं.

जहूरने गाडी वळवली.