मंगळवारपर्यंत

बाबा गेले तेव्हा स्वयंपाकघरात विस्कॉन्सिन राज्य कोणाचं यावर भांडण चाललं होतं.

मी त्यांच्या उशाशी बसून माझ्या तान्ह्या सिग्नेला पाजत होते. घरात तेवढीच खोली उबदार होती. दाराआडून माझा भाऊ रॉइस म्हणत होता, "हे राज्य आता रिपब्लिकनांचं झालं, नील. चीजचा कारखाना गेला, गोठे रिकामे पडले. लोक काय मूर्ख आहेत?"

"तुझा रस्ता म्हणजे राज्य नव्हे," माझा नवरा म्हणाला. "मॅडिसनला किती तरुण पोरं राहायला आलीत, बघ जरा. इथे जिंकणारा नखभर फरकाने जिंकतो. म्हणे रिपब्लिकनांचं झालं!"

"मग बाबांचं काय? जन्मभर डेमोक्रॅट, यंदा फिरले."

"कोण सांगतं? त्यांच्या टपाली मताच्या पाकिटावर साक्षीदार म्हणून मी सही केलीय. डोळा मारला त्यांनी मला."

"मलाही मारला!"

मला हसू आलं. ते बाबांना सांगायला मी वळले, तर त्यांचा श्वास थांबला होता.

दोघं धावत आले. रॉइसने टोपी काढली आणि तो लहान मुलासारखा रडला. नीलने सिग्नेला माझ्याकडून घेतलं. मी बाबांना बघायला येणाऱ्या नर्सला कळवायला फोन उचलला, तसं रॉइसने माझं मनगट धरलं.

"मंगळवारपर्यंत थांब."

"का?"

"मंगळवारच्या मतदानाआधी माणूस गेल्याचं कळलं तर त्याचं टपालाचं मत मोजत नाहीत. पाकीट मार्लिसबाईंच्या ऑफिसात आहे."

मी नीलकडे पाहिलं. वाटलं, आता हा ओरडेल. तो खाली बघत म्हणाला, "आज रविवार आहे गं. मधे एकच दिवस."

आमचं लग्न झाल्यापासून या दोघांचं सूपमधल्या मिठावरही कधी एकमत झालं नव्हतं. आज झालं. बाबांचं मत आपल्याच पक्षाला आहे याची दोघांनाही खात्री होती.

रॉइसने त्या खोलीचा हीटर बंद केला, नीलने खिडक्या उघडल्या. नोव्हेंबरचं वारं आत आलं आणि पडदा उडून बाबांच्या तोंडावर बसला. मी तो बाजूला केला. त्यांच्या पायांत लोकरी मोजे चढवले. वेडेपणाच होता, पण उघडे पाय मला बघवेनात. सिग्ने दुपारभर रडत राहिली, तिला दुसरीकडे कुठे झोपच येईना.

संध्याकाळी मार्लिसबाई आल्या, हातात बटाटे-चिकनचं गरम भांडं. आमच्या गावाच्या क्लार्क त्या, गावची निवडणूक त्याच बघायच्या. मतांची पाकिटं त्यांच्याच कुलपात.

"ऑरिन कसा आहे?"

"झोपलेत," रॉइस म्हणाला.

"मग नुसती डोकावते."

"उद्या या ना, मार्लिसबाई. आत्ताच डोळा लागलाय." तो दारात आडवा उभा राहिला. दाराखालून गार वारा येत होता. त्या दाराकडे बघत राहिल्या.

"बाबा गेले," मी म्हणाले. "सकाळीच."

त्यांनी भांडं शेगडीवर ठेवलं आणि मला जवळ घेतलं. शाळेपासून ओळखत होत्या त्या बाबांना. बराच वेळ रडल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "पोरी, आता मला कळलंय. ते पाकीट बाजूला काढावं लागेल, न उघडता."

"काढा."

त्या गेल्यावर रॉइस माझ्या अंगावर आला. "कोणाचं मत घालवलंस, कळतंय का तुला?"

"नाही. तुला तरी कुठे कळतंय?"

तो दार आपटून अंगणात गेला. मी नर्सला फोन केला, खिडक्या लावल्या, बाबांच्या कपाळावरचे केस सारखे केले. कपाळ दगडासारखं गार होतं.

नील सिग्नेला घेऊन उंबऱ्यात आला. मला वाटलं, आता तरी हा आत येईल, माझ्या शेजारी बसेल.

"आमचं एक मत गेलं," तो म्हणाला.

माझ्या बाबांविषयी तो त्या दिवशी एवढंच बोलला.