बारावा कागद

वहिनीने हातातला घास पुन्हा ताटात ठेवला.

“काय झालंय तुला?” नवऱ्याने विचारलं.

“डब्यात अकराच कागद होते रे.”

कारखान्यात सगळे तिला वहिनीच म्हणत. थरावर थर रचून ती पॅनेल बनवायची. भट्टीच्या कडेच्या माचीवर पायाखाली बसवायचं हे पॅनेल माणसांचा भार पेलायचं आणि भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेतून वीजही द्यायचं. त्यात थर बारा. रचताना प्रत्येक थरावरचा पातळ कागद सोलून कचऱ्याच्या डब्यात टाकायचा. सुटी होताना तिने डब्यातले कागद सहज मोजले, तर अकरा! म्हणजे एक आतच राहिला होता, आणि पॅनेल तोवर दाबयंत्रात तापून पक्कं झालं होतं.

“मग साहेबांना सांग की.”

“कसं सांगू? मागे रंगवाल्याने आपली चूक सांगितली, तर साहेबांनी चारचौघांत त्याची बिनपाण्याने केली.”

सकाळी ती धापा टाकतच पोहोचली. पॅनेल तपासणीच्या टेबलावर होतं. खालून तापवलं होतं आणि मीटर पुरेपूर वीज दाखवत होता. पास! माल न्यायला गाडीही दारात उभी होती. गप्प बसलं तर कोणाला कळणार होतं? पण त्यावर जो उभा राहील त्याचं काय?

“साहेब, हे पाठवू नका. आत कागद राहिलाय. माझ्याच हातून.”

साहेबांचा पारा चढला. “डोळे घरी ठेवून येता का? आणि वीज तर बरोबर येतेय!”

तेवढ्यात तपासणीवाले काका चष्मा पुसत उठले.

“साहेब, मीटर वीज मोजतो. थरांनी एकमेकांना धरलंय का, हे त्याला काय कळणार? आणि हिला खुशाल झापा. पण त्याने चुका थांबायच्या नाहीत, सांगणं तेवढं थांबेल.”

साहेबांनी पॅनेल करवतीखाली घातलं. कापलेल्या कडेला पोलादी पट्टी टेकवली, तर ती दोन थरांमध्ये अलगद आत गेली!

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. “भट्टीच्या कडेला... माणूस उभा असताना...” मग ते म्हणाले, “वहिनी, मघाशी बोललो ते चुकलंच माझं. पण कागद राहिला कसा?”

“थर काळा, कागदही काळा, साहेब. घाईत दिसतच नाही.”

तीन वर्षांत हे तिला कोणी विचारलंच नव्हतं! पुढच्या आठवड्यात नारिंगी कागद आले.

मंडळी, चूक कोणाच्याही हातून होते. पण ती सांगायला आलेल्या माणसावर आपण डाफरतो, मग ते घरी मुलांवर असो की कामावर हाताखालच्यांवर, तेव्हा पुढची चूक लपवायला आपणच त्याला शिकवत असतो. आधी ऐकून घ्या. तेवढ्यानेही एखाद्याचा जीव वाचतो.