पक्क्या नोकरीतला जानराव

जानराव रामटेकेला कमी ऐकू येतं, हे त्याच्याआधी त्याच्या बायकोला कळलं. रुक्मा समोर बसून बोलली की तो तिच्या ओठांकडे बघायचा आणि ती पाठमोरी झाली की उत्तरच द्यायचा नाही. आधी तिला वाटलं, थकून येतो, बोलायचं जिवावर येत असेल. मग एकदा तिनं त्याच्या पाठीमागे मुद्दाम भगुणं आपटलं. तो जेवतच राहिला.

भिलाईचा पोलादाचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. जानराव तिरोड्याकडून आला होता आणि एका ठेकेदार कंपनीत पोलादी पत्रे जोडणाऱ्या रिवेट मारायचं काम करत होता. खालून कोणीतरी लाल तापलेली रिवेट फेकायची, वर एकानं ती डब्यात झेलायची, आणि जानरावनं ती भोकात बसवून हवेच्या हातोड्यानं ठोकायची. उघड्यावर एक वेळ ठीक होतं. पण माणूस आत उभा राहील एवढ्या मोठ्या नळांमध्ये शिरून काम करायचं असलं की तो आवाज बाहेर पडायला जागाच नसायची. पहिल्या वर्षी रात्री कानात शिट्टी वाजायची. पुढं ती थांबली, तेव्हा जानरावला बरंच वाटलं.

मजुरी वेळेवर मिळायची. पण त्याच्या टोळीतला एक जण टायफॉइडनं पडला आणि बरा होऊन परत आला, तेव्हा त्याच्या जागेवर दुसरा माणूस उभा होता. त्यानं मुकादमाचे पाय धरले, तरी काही झालं नाही. त्या दिवसापासून जानराव तापातही कामावर जायला लागला. त्याच्या बापानं जन्मभर गावकीची कामं केली होती. काय द्यायचं ते देणाऱ्याच्या मर्जीवर, आणि उद्या बोलावायचं की नाही तेही त्याच्याच मर्जीवर. मुकादमाचं बोलणं ऐकताना जानरावला बाप आठवायचा.

म्हणून कारखान्यानं स्वतःची भरती काढली, तेव्हा त्याच्या झोपडीत सण असल्यासारखं झालं. ही नोकरी सरकारी होती. आजारी पडलं तर दवाखाना आणि राहायला क्वार्टर. मुख्य म्हणजे, लेखी कारण दिल्याशिवाय कोणी घरी बस म्हणू शकत नव्हतं. भरतीपुरत्या बाहेरून आलेल्या साहेबानं जानरावचं काम बघितलं, दोन प्रश्न विचारले आणि त्याला निवडला. राहिली होती ती फक्त डॉक्टरी तपासणी.

शेजारचा देवीदास नुकताच कारखान्यात लागला होता. तो म्हणाला, "डॉक्टर मागं जाऊन उभा राह्यते अन् हळूच आकडे बोलते. थे आपन तसेच बोलाचे. बाकी काई नाही."

त्या संध्याकाळी रुक्मा जानरावच्या पाठीमागे उभी राहिली.

"बावीस," ती हळू म्हणाली.

जानराव गप्प.

"बावीस," ती जरा मोठ्यानं म्हणाली.

"बोल न," जानराव म्हणाला. "कावून थांबली?"

रुक्मा समोर येऊन बसली. कोपऱ्यात तेजराम, जानरावचा धाकटा भाऊ, खाली मान घालून बसला होता. सातवीपर्यंत शिकलेला, एकवीस वर्षांचा, वर्षभर त्यांच्याकडेच राहत होता आणि मिळेल ते रोजाचं काम करत होता. दोघांनीही त्याला पोरासारखं सांभाळलं होतं.

रुक्मा म्हणाली, "भाऊजीईचे कान चांगले हायेत."

तेजरामनं दचकून वर बघितलं. "नाही वयनी. पकडलो त जेलात जाईन मी."

"तिथं कोन वळखते? नाव पुकारतीन, जाचं, आकडे बोलाचे, यायचं. एक दिवसाचं काम हाय."

जानरावला तिनं तेच पुन्हा समोरून सांगितलं. मग त्यानं उठून आपला चांगला सदरा काढला आणि तेजरामच्या हातात दिला.

तेजराम सकाळी गेला आणि दुपार कलल्यावर आला. पास झाला होता. पण त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"दादा, त्याईनं अंगठा घेतला," तो म्हणाला. "अन् फोटो काढला. हातात पाटी देल्ली, तिच्यावर तुहं नाव लिवलं होतं. पासावर थोच फोटो लागन म्हने."

म्हणजे कामावर जायचं तर आता तेजरामनंच जायचं होतं. तपासणीला कोणी गेलंच नसतं, तर नोकरी नुसती हुकली असती. आता ती मिळाली होती, पण त्याला नाही. जानराव उठून बाहेर गेला आणि अंधार पडेपर्यंत परत आला नाही. आल्यावर म्हणाला, "तू जा, तेज्या. घरात आली हाय त येऊ दे. पुढं पाहू."

तेजरामला पाना कसा धरायचा तेही धड माहीत नव्हतं. तो जाऊन उभा राहिला तर पहिल्याच दिवशी संशय आला असता. म्हणून रोज संध्याकाळी जानराव त्याला शिकवायला बसायचा. जमिनीवर कोळशानं आकृत्या काढायचा, हत्यारांची नावं पाठ करून घ्यायचा, कुठला नट कुठल्या दिशेनं आवळायचा ते हात धरून दाखवायचा. तेजराम हुशार होता, लवकर शिकला. एकदा जानराव कौतुकानं म्हणाला, "आता तू जानराव दिसून राहिला." तिघंही हसले.

पहिले काही महिने तेजराम सगळा पगार आणून वहिनीच्या हातात द्यायचा. जानराव ठेकेदाराकडे होताच. दोन कमावणारे झाले, झोपडीवर नवी कौलं पडली. रुक्माला वाटलं, जमलं म्हणायचं.

पुढच्या वर्षी ठेकेदाराचं काम संपलं. एका सकाळी मुकादम फाटकाशी उभा राहिला आणि ज्याचा त्याचा पास काढून घेत गेला. त्याच्यामागे जानरावनंच रिवेट मारलेली भट्टी धूर सोडत उभी होती. कंपनी थोड्या माणसांना दुसऱ्या गावच्या कामावर नेणार होती. जानराव पुढं झाला. मुकादमानं त्याला बाजूला घेतलं आणि तोंड कानाजवळ नेऊन ओरडून सांगितलं, "तेरे को सुनाई नहीं देता, भाई. ऊपर से कोई चिल्लाएगा तो तू हटेगा नहीं. मरेगा तो मेरे सिर आएगा."

पाच वर्षं त्याच मुकादमाच्या हाताखाली त्यानं नळात शिरून काम केलं होतं.

त्यानंतर जानरावला रोजाचं कामच उरलं. हमालीला जायचा, कधी कोहक्याला कोणाच्या घराच्या बांधकामावर. तेवढ्यात तेजरामला कारखान्याच्या वसाहतीत, एका सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं आणि सगळे तिकडे राहायला गेले. पक्क्या भिंती, नळ, वीज. पण तिथं जानराव म्हणजे तेजराम होता. खऱ्या जानरावची ओळख 'गावाकडचा भाऊ तेजराम' अशी करून द्यावी लागली. बाहेरून कोणी "जानराव भैया!" अशी हाक मारली की रुक्माच वळून बघायची. आणि भरतीच्या कागदावर जानरावची बायको म्हणून रुक्माचंच नाव होतं, म्हणून शेजाऱ्यांना ती तेजरामची बायको वाटायची. शेजारची बाई एकदा तिला म्हणाली, "तुम्हारे आदमी से तो तुम्हारा देवर बड़ा लगता है." रुक्मा नळावर भरलेली घागर तशीच घेऊन घरात आली आणि दार लावून घेतलं.

तिनं जानरावला हे सांगितलं नाही. सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं, आणि भिंतीपलीकडे सगळं ऐकू जात होतं.

मग गावाहून सासू आली. अंजनाबाईला सगळं माहीत होतं, पण तिचा हिशेब सरळ होता. एक पोरगा सरकारात लागला, आता त्याचं लग्न. "असा जवाई कोनाले भेटते?" ती म्हणायची. स्थळं चालून आली. शेजाऱ्यांना संशय नको म्हणून तेजरामनं लग्नाआधी दुसऱ्या सेक्टरमधलं क्वार्टर बदलून घेतलं. चंपा नावाची गोरीपान मुलगी घरात आली. लग्नाच्या आठव्या दिवशी तिला सांगितलं, की या घराच्या बाहेर तिचं नाव रुक्मा आहे.

चंपा रुक्माकडे बघून म्हणाली, "मंग ह्या कोन?"

अंजनाबाई म्हणाली, "ह्या गावाकडच्या."

वर्षभरानं चंपाला दिवस भरले. कारखान्याच्या दवाखान्यात तिचं बाळंतपण झालं, मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी रुक्मा डबा घेऊन गेली. वऱ्हांड्यात बायकांची गर्दी होती. नर्सनं दारात येऊन पुकारा केला, "रुक्मा! रुक्मा जानराव रामटेके!"

रुक्मा पटकन उठली. "हौ, मीच."

नर्सनं तिच्या हातातल्या डब्याकडे, मग तिच्याकडे बघितलं. "तुम नहीं. जिसकी बच्ची हुई है, वो."

"हौ," रुक्मा म्हणाली. "थे आत हाय."

तिला आठ वर्षांत मूल झालं नव्हतं. ती खाली बसली. बाकीच्या बायका तिच्याकडे बघत होत्या. नर्स आत गेली आणि मुलीच्या कागदावर आईचं नाव रुक्मा, बापाचं नाव जानराव असं लिहून आली.

त्या रात्री रुक्मानं नवऱ्याला क्वार्टरच्या मागं, मोकळ्या मैदानात नेलं आणि पहिल्यांदा सगळं मोठ्यानं सांगितलं. नळावरचंही सांगितलं. दोघं परत आली, तेव्हा तेजराम ड्युटीचे कपडे काढत होता.

"थे नौकरी सोडून दे, तेज्या," जानराव म्हणाला.

"सोडून?" तेजरामला आधी मस्करी वाटली. "मी सोडली त तुले भेटन का?"

"नाही भेटली तरी चालन. माहं नाव मले वापस दे."

"नाव तुहं हाय, दादा, पन कान माहे होते. नौकरी कानाले भेटली."

जानरावला ते ऐकू गेलं नाही. त्यानं रुक्माकडे बघितलं. "काय म्हने?"

रुक्मानं सांगितलं नाही. तेजरामला आपण काय बोललो ते कळलं आणि तो जरा नरमला. जवळ येऊन, भावाच्या खांद्यावर हात ठेवून, मोठ्यानं म्हणाला, "दादा, राह्य न इथंच. मी काय जा म्हनून राहिलो? दोन घास तुमाले जड नाहीत. पन नौकरीचं बोलू नको. आता मले कोनी काढू शकत नाही. साहेब बी नाही."

"अन् मी?"

"तू सांगाले गेला त आपन दोघंबी आत जाऊ. मायचं काय होईन? लेकरू कालच जलमलं."

अंजनाबाई मधे पडली. "जानराव, तू मोठा हायेस. मोठ्यानं सोसावं."

जानरावनं मारायला हात उचलला. पण तेजराम हलला नाही, डोळेही मिटले नाहीत. त्याला भीती वाटत नव्हती. जानरावचा हात तसाच खाली आला.

दोन दिवसांनी नवराबायको निघाली. चंपा दारात रडली. दोघं नंदिनी गावाला गेली. तिथं चुन्याच्या दगडाच्या खाणी होत्या, दगड कारखान्यालाच जायचा, पण फोडायचं आणि भरायचं काम ठेकेदाराकडे होतं. जानरावकडे अनुभवाचे कागद उरले नव्हते, ते सगळे तेजरामनं हजर होतानाच जमा केले होते. रिवेटचं काम येतं म्हणून सांगायचीही सोय नव्हती, कारण रिवेट मारणारा जानराव रामटेके कारखान्यात पक्का नोकर होता. तो दगड भरायला लागला. रुक्माही टोपली उचलायला लागली. पावसाळ्यात खाणीत पाणी भरलं की काम बंद व्हायचं आणि दोघं बोरसीकडे जाऊन कोणाच्या वाडीत निंदणाला लागायची.

तिसऱ्या वर्षी एका रविवारी तेजराम सायकलवर आला. अंगानं भरला होता. पायांत बूट होते. त्यानं केळी आणली होती, मुलीचा फोटो आणला होता. बढती मिळाल्याचं त्यानं सांगितलं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यानं आवाज खाली केला.

"वयनी, आमच्या सेक्शनचा एक बाबू बदलून इथं नंदिनीले येऊन राहिला. दादा इथं नाव काय सांगते?"

जानराव दोन हात अंतरावर बसला होता आणि फोटो न्याहाळत होता.

"कोनी पुसतच नाही," रुक्मा म्हणाली. "सकाळी मुकादम बोट दाखोवते. तू, तू अन् तू. ज्याच्याकडं बोट गेलं थो कामावर. बाकीचे वापस."

"तरी पन. कोनी पुसलंच त?"

"त तेजराम सांगतीन. भेऊ नका, भाऊजी. तुमची नौकरी पक्की हाय."

तेजराम चहा अर्धाच टाकून उठला. जाताना भावाच्या पाया पडला, तेव्हा जानरावनं सवयीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

सायकल लांब गेल्यावर जानरावनं विचारलं, "कायले आल्ता थो?"

रुक्मा त्याच्या समोर आली आणि ओठ नीट हलवत म्हणाली, "बढती झाली म्हने, तुमची."

जानरावनं फोटो तिच्या हातात दिला, आणि उद्या लागेल म्हणून घमेल्याचा तुटलेला कान तारेनं बांधायला बसला.