भिंतीपलीकडची तालीम

हिवरखेडच्या आरोग्य केंद्रातून साधना तायडे निवृत्त झाली आणि त्याच आठवड्यात तिनं घरात जाहीर करून टाकलं, की आता अमरावतीत घर घ्यायचं. तेही जुन्या शहरात, परकोटाच्या आत नाहीतर त्याला लागून.

तिचे यजमान खुशालराव ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. हातातली शेंग हातातच राहिली.

"अमरावती? आन अकोल्याले काय झालं? पोरगी अकोल्यात, नातू अकोल्यात, मोठा दवाखाना अकोल्यात. तुले अमरावती काहून सुचली?"

"मले नाटकं पाहाची हायेत," साधना म्हणाली.

खरं कारण एवढंच होतं. नर्सिंग शिकायला ती तीन वर्षं अमरावतीत राहिली होती. हिवाळ्यात नाट्य स्पर्धा भरली, की वसतिगृहाच्या मेट्रनची मनधरणी करून ती एकही नाटक चुकवत नसे. पुढची छत्तीस वर्षं खेड्यापाड्यांत बाळंतपणं करण्यात आणि पोलिओचे डोस पाजण्यात गेली. एवढ्या वर्षांत स्टेज म्हणून तिनं पाहिलं ते फक्त गणपतीतल्या ऑर्केस्ट्राचं.

मुलगी प्रतीक्षानं अकोल्यातला एक फ्लॅट आधीच हेरून ठेवला होता. "आई, लिफ्ट आहे, बाग आहे, चालायला वेगळा ट्रॅक आहे," ती फोनवर सांगत होती.

"छत्तीस वर्षं चाललोच ना मी," साधना म्हणाली. "आता मले बसू दे. चांगल्या खुर्चीत, पडद्यासमोर."

अमरावतीच्या बंडूभाऊ दलालानं तिला आधी बडनेरा रस्त्याकडच्या नव्या स्कीमा दाखवल्या. "हायवे दोन मिनिटांवर, बाई," तो अभिमानानं म्हणाला.

"आन नाट्यगृह?"

बंडूभाऊनं डोकं खाजवलं. "मॉल म्हणता का?"

शेवटी नाइलाजानं त्यानं अंबागेटजवळच्या केशरबाईंच्या घराचं नाव काढलं. तीन खोल्या, वर गच्ची, मागं विहीर. दोन वर्षांपासून विकायला काढलेलं. एवढं चांगलं घर पडून कसं, असं विचारल्यावर तो दुसरीकडे पाहू लागला. "जुनं हाये ना, म्हणून. रविवारी सकाळी अकरा वाजता दाखवतो. अकरालाच या बरं."

साधना शनिवारी संध्याकाळी सहालाच गेली. नोकरीनं तिला एक गोष्ट शिकवली होती. कळवून गेलं, की अंगण झाडलेलं, पोर न्हाऊ घातलेलं आणि सासू गोड बोलणारी दिसते. खरं घर बघायचं तर न सांगता जावं.

गल्लीत ती घराचा नंबर शोधत होती, तेवढ्यात शेजारच्या टिनाच्या हॉलमधून एका बाईची किंकाळी आली. "धावा हो, कोणीतरी धावा! यांचा श्वास अडकलाय!"

साधनानं हातातली पिशवी तिथंच टाकली आणि ती आत धावली. साठीतला एक माणूस जमिनीवर लोळत होता. हातपाय झाडत होता. त्याच्या उशाशी एक बाई रडत होती. आणि पाच-सहा जण खुशाल उभे राहून बघत होते. एक पोरगी तर चक्क वहीत लिहून घेत होती!

साधनाचं डोकं फिरलं. "बह्याडासारखे उभे काय राहिले? खिडक्या उघडा! हवा येऊ द्या!" असं ओरडत तिनं गुडघे टेकले आणि त्या माणसाची नाडी धरली. नाडी घोड्यासारखी ठणठणीत होती.

माणसानं एक डोळा उघडला. "बाई, माहा सीन चालू हाये."

सगळा हॉल खदखदून हसला. साधनाला वाटलं, जमीन फाटावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. वहीवाली पोरगी पुढं आली. तिचं नाव दामिनी. कॉलेजात शिकवायची आणि या हौशी मंडळींचं नाटक बसवायची. जमिनीवरचे गृहस्थ म्हणजे डोमाजी, निवृत्त पोस्टमन. तिनं साधनाला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि बिचारीनं उलट माफी मागितली.

साधना पाणी प्यायली. मग तिच्यानं राहवेना. "एक सांगू? असं कोणी मरत नाई."

हसू थांबलं.

"म्या पुष्कळ माणसं जाताना पाह्यली. एवढी ताकद कोणात उरते हातपाय झाडाले? माणूस बोलता बोलता गप होते. जवळच्याले वाटते, दम खाऊन राहिला, आता बोलन. तो वाट पाहत राह्यते."

"बाई," दामिनी हळूच म्हणाली, "एकदा करून दाखवता?"

साधना खुर्चीतच मागं टेकली. सुनेला विहिरीचं पाणी उपसायला सांगणाऱ्या म्हाताऱ्याचं एक वाक्य तिनं मनानंच रचलं, निम्मं म्हटलं आणि थांबली. बाकी काहीच केलं नाही. हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला. मघाशी किंकाळी फोडणाऱ्या बाईनं पदर डोळ्यांना लावला.

"माय माय!" डोमाजी उठून बसले. "आन मी तीन महिन्यांपासून फुकट धुळीत लोळून राहिलो!"

एवढ्यात दारातून आवाज आला. "या लोकायले दहा वेळा सांगतलं, उद्या गिऱ्हाईक येणार हाये, आजचा दिवस तोंडं बंद ठेवा!"

त्या केशरबाई होत्या. समोर बसलेली बाईच उद्याचं गिऱ्हाईक आहे हे कळल्यावर त्या मटकन पायरीवर बसल्या. "झालं. गेलं हेही गिऱ्हाईक. काय सांगू बाई, रोज संध्याकाळी इथं कोणी रडते, कोणी पेटी वाजवते. म्हणून बंडू सकाळीच माणसं आणते."

"रोज?" साधनानं विचारलं.

"रोज. रविवारीही."

"आन तुमच्या घरात आयकू येते?"

"मधात एकच भीत हाये. माह्या माजघरात शब्द न शब्द येते."

"मंग चाला, माजघर दाखवा."

तालीम पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, आणि नाटकाचा पहिला अंक साधनानं केशरबाईंच्या माजघरात, भिंतीला पाठ लावून, चहा पीत ऐकला. अंक संपल्यावर ती म्हणाली, "घर मले पसंत हाये. इसार उद्याच देतो." केशरबाईंना खरं वाटेना. त्यांनी तिला दोनदा विचारलं, बाई, तुम्हाला कानानं नीट ऐकू येतं ना?

खुशालराव पुढच्या आठवड्यात आले ते तोंड पाडूनच. पण कागदपत्रं त्यांचा प्रांत. त्यांनी पाहिलं, की घराच्या कागदावर अजून केशरबाईंच्या सासऱ्याचंच नाव आहे. वारसांची नोंद झाल्याशिवाय खरेदी नाही, असं त्यांनी ठणकावलं आणि मग त्या कामासाठी स्वतःच हिवरखेड-अमरावती खेपा घालू लागले. काम आटोपलं, की एसटीला वेळ असे. मग गिला वडा खायचा आणि टिनाच्या हॉलमध्ये जाऊन बसायचं. रिकामं बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पडद्याची दोरी अडकते हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ती सोडवली, कप्पीला तेल दिलं, आणि दामिनीनं पडदा त्यांच्याकडेच सोपवला. "नाटक मले समजत नाई, पण दोरी समजते," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

दिवाळीनंतर खरेदी झाली. डिसेंबरात सामान आलं आणि त्याच महिन्यात नाट्य स्पर्धा. प्रतीक्षा मुलाला घेऊन अकोल्याहून आली. साधना तिसऱ्या रांगेत दोघांच्या मध्ये बसली होती.

डोमाजी बोलता बोलता थांबले. सगळं नाट्यगृह थांबलं. आता पडदा पडायला हवा होता. तो पडेना. दहा सेकंद गेली, पंधरा गेली. कोणी खोकलंसुद्धा नाही. मग पडदा अगदी सावकाश आला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

आत दामिनी खुशालरावांना शोधत धावली. ते दोरी धरून उभे होते, डोळे पाणावलेले.

"काका, पडदा?"

"इसरलो ना मी," ते म्हणाले. "मले वाटलं, म्हतारा खरंच गेला."

नाटकाला दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी शेवटच्या शांततेची खास तारीफ केली, आणि ती शांतता कुठून आली हे मंडळींनी कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साधना गच्चीवर हळद वाळत घालत होती. खालून खुशालरावांची हाक आली. वर्तमानपत्र उघडून ते पायरीवर बसले होते.

"अवं, गुरुवारी गाण्याचा कार्यक्रम हाये म्हनते. सातले. जागा धराले सहालेच जा लागन काय?"

"साडेपाचले," साधना वरून म्हणाली.