पक्के पाय

मेव्हण्याची खिल्ली उडवल्याशिवाय सोफे मढवणाऱ्या कारागिराला चहा गोड लागत नसे. साखर मात्र दोन चमचे लागायचीच! मधुमेह दोघांनाही होता. पण मेव्हणा गोळ्या वेळेवर घ्यायचा, त्याने सिगारेट सोडली होती आणि रोज सकाळी कारखान्यात आल्यावर पिशवीतला हातआरसा जमिनीवर ठेवून त्यात आपले तळवे निरखायचा.

"काय आरसेमहाराज, आज टाचेला पावडर लावली नाही वाटतं?" कारागीर खो खो हसायचा. "नुसते नखरे! माझे पाय बघ. चटका नाही की टोच नाही. धंद्याने पक्के केलेत."

धंद्याने कसले डोंबलाचे! पाय बधिर होत चाललेत, जखम कळणार नाही, चिघळली तर पाय जाईल, जीवही जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी चांगलं बजावलं होतं. हा शहाणा घरी येऊन म्हणाला, "त्यांचं दुकान चालायला नको का?" सांगून सांगून बायकोची जीभ झिजली होती.

त्या दिवशी गिऱ्हाइकाचं मोतिया रंगाचं महागडं कापड कारखान्यात जमिनीवर अंथरलं होतं. कापड मळू नये म्हणून सगळ्यांच्या चपला दाराबाहेर. बायको टोकं धरत होती, मेव्हणा खडूने रेघा मारत होता, आणि कारागीर तोंडात खिळे धरून कापड आणि सोफा अशा येरझाऱ्या घालत होता. बघतो तर कापडावर लाल डाग.

तोंडातले खिळे थुंकून तो कडाडला. "कुणाचा पाय कापलाय? डोळे फुटले होते का? आरसेमहाराज, आधी तू! रोज निरखतोस ना, दाखव!"

मेव्हण्याने निमूटपणे तळवे दाखवले. स्वच्छ. बायकोने टाचा वर केल्या. त्याही स्वच्छ.

"मग काय भूत नाचलं माझ्या कापडावर?"

तो तरातरा फिरला होता तिथे तिथे नवे डाग उमटले होते, आणि बायको तेच बघत होती. तिने तोंडावर पदर धरला. मेव्हण्याने पिशवीतून आरसा काढला आणि कारागिराच्या उचललेल्या पायाखाली धरला. टाचेत खिळा रुतला होता, पार डोक्यापर्यंत.

"बघ!" कारागीर सवयीने हसला. "काही दुखत नाही!"

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं. तो अर्धवट मढवलेल्या सोफ्यावर मटकन बसला. बायको गाडी बोलवायला बाहेर धावली.

"जरा दाब रे तिथे," तो मेव्हण्याला म्हणाला.

"दाबतोय, भावोजी."

"नीट दाब की!"

"माझी बोटं पांढरी पडली, भावोजी."

"अजून जोरात, बाबा," कारागीर म्हणाला आणि डोळे गच्च मिटून दुखायची वाट बघत राहिला.